नऊ दिवस बरी

मेडशी, २९ ऑगस्ट

मम्मीजी,

जय जिनेंद्र. हे सवयीनं लिहिलं, मनातून नाही.

काल संध्याकाळी तुमचा मेसेज आला. हात जोडलेली बाई, खाली गुलाबाची फुलं, अन् ‘मन-वचन-कायेनं काही चुकलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्’. वर मोबाईलनंच लिहून देलं होतं, ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’. तुमी तो दूधवाल्याले पाठवला, पापडवाल्या बाईले पाठवला, अन् त्याच बोटानं मले पाठवला. ज्या सुनेले चार दिवसांआधी बॅगेसकट जीपमधी घातलं, तिले!

मी माफ नाही करत. संवत्सरीले कोणी माफी मागितली अन् आपण नाही म्हतलं की पाप लागते, हे मलेही लहानपणापासून शिकवलं हाय. लागू द्या.

फोन तुमी उचलत नाही. तुमच्या लेकानं माहा नंबर ब्लॉक केला, नवरा असून. म्हणून कागद. अमरसिंग जीपवाला तुमच्या दुकानातून आमच्या दुकानाले माल आणते, तोच हा नेईन. घरात आपण मारवाडी बोलतो, मारवाडीत लिहिलं असतं, पण मले भांडता वऱ्हाडीतच येते.

काय झालं ते तुमाले माहीत हाय. तरी लिहिते, कारण तुमी रिसोडभर वेगळंच सांगून राह्यल्या. पर्युषणात अठाई करतो असं मी म्हतलंच नव्हतं. आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंतच, हे माह्या पिशवीले झेपणार नाही असं मी तुमच्या पायाशी बसून सांगतलं होतं. लघवीची पिशवी म्हणते मी. तुमाले तो शब्द ऐकला की शिसारी येते, म्हणून मुद्दाम लिहून राह्यली. दीड वर्षापासून तिथं आग हाय. पिशवी भरत आली की आतून कोणी सुरी फिरवल्यावानी होते, रिकामी केली की जरा दम पडते, अन् लगेच पुन्हा सुरू. रिसोडच्या डॉक्टरनं जवा जवा लघवी तपासली तवा तवा ‘नॉर्मल’ लिहून देलं. तुमी तो कागद येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवत बसल्या.

मग तुमी पत्रिकाच छापून आणल्या. ‘आमच्या सूनबाई टीना यांच्या अठाई तपाचे पारणे.’ माह्या हातात पत्रिका आली तवा ती अर्ध्या गावात वाटून झाली होती. आता नाही म्हणायची सोय कोठी होती?

सहाव्या दिवशी तपाची गाणी म्हणायले समाजाच्या बाया आल्या. मले मधात बसवलं, डोक्यावर चुनरी. मी उठायले गेली की तुमी माहा हात दाबायच्या, ‘एवढं गाणं होऊ दे.’ ते संपलं की दुसरं. दिवस मावळला. मग मी उठली ती सरळ स्वयंपाकघरात गेली अन् माठातलं कच्चं, न उकळलेलं पाणी तांब्यानं घटाघटा प्यायली. लघवी पातळ झाली की आग कमी होते, तेवढंच मले सुचत होतं. साऱ्या बाया दारात गोळा झाल्या. अन् तुमी त्यायच्यापुढं म्हणल्या, “नाटक हाय सारं. चैताच्या ओळीत नऊ दिवस कशी टुणटुणीत होती! तवा कोठी गेलं होतं हिचं दुखणं? खोटारडी!”

माहं भांडण या वाक्याशी हाय. हो, होती मी नऊ दिवस बरी. ओळीत आपण सारेच आयंबिल करतो, दिवसातून एकदा ते बिनतेलाचं, बिनमिरचीचं उकडलेलं जेवण. त्या नऊ दिवसांत मले कायनं बरं वाटलं, मले नाही माहीत. पण बाकीचे दिवस मी खोटं बोलली नाही.

मले तुमचं घर नको. दागिनेही ठेवा. मले तो ‘खोटारडी’ शब्द वापस पायजे, अन् ज्या बायांपुढं म्हतला त्यायच्यापुढंच पायजे.

टीना


मेडशी, १६ सप्टेंबर

मम्मीजी,

अमरसिंगनं सांगतलं, तुमी दुकानात गादीवर बसल्या बसल्या पत्र वाचलं, घडी केली, अन् म्हणल्या, “तिले सांग, लघवी नॉर्मल असणाऱ्या बाईनं एवढे कागद खराब करू नये.” बिचारा मान खाली घालून सांगत होता. पण मिशीत हसून राह्यला होता. मी म्हतलं, “आणखी हासशील तर जीपच्या काचा फोडीन.” तर म्हणते कसा, “ताई, काचा नाहीतच, ताडपत्री हाय.”

तुमच्या लेकाचा, मयंकचा, निरोप पप्पाले आला. दिवाळी झाली की समाजाची बैठक, तिथं फारकत. अन् कारण काय लिहायचं, तर ‘सून खोट्या दुखण्याचे निमित्त करून नांदत नाही’. त्याच्याखाली मी सही करायची! माहे पप्पा तुमाले माहीत हाय. गिऱ्हाईकानं त्यायच्याच वजनात खोट काढली तरी अजितकुमारजीच माफी मागतात. ते म्हणून राह्यले, “बेटा, कर सही, मोकळी हो.” मी दोन दिवस त्यायच्याशी बोलली नाही.

सही मी करणार नाही. फारकत घ्या, हजारदा घ्या. त्या कारणाखाली माही सही नाही भेटत.

तुमी मले कायकाय केलं ते आता एकेक आठवून राह्यलं. घरात खाली एकच बाथरूम, तेही तुमच्या खोलीले लागून. त्याले तुमी कुलूप घालायच्या अन् चावी कमरेले खोसायच्या. काहून? तर पूजेचं सोवळं. मले जायचं तर माडीवर जायचं, जिना चढून, पोट धरून. तुमाले वरून पाय वाजलेले ऐकू यायचे, अन् तुमी खालून मोठ्यानं म्हणायच्या, “गेली परत!” दुकानातल्या नोकरायले ऐकू जाईन असं.

अन् केनवडचा साखरपुडा आठवते? रिसोडपासून केनवड ते केवढं! तेवढ्यात तुमाले वाटेत ओळखीचे भेटले. “थांब रे अमरसिंग, या घरी तोंड दाखवून येते.” पुढं आणखी एक घर. तुमी पाणीबिणी पिऊन आरामात आल्या. मी जीपमधी दात खाऊन बसली होती. मी म्हतलं, मीही येते आत, मले जायचं हाय. तुमी म्हणल्या, “सुनेनं परक्याच्या घरी संडास मागू नये. आपल्या घराची लाज जाते.” साखरपुड्यात साऱ्यायनं पाह्यलं की माह्या साडीले मागून डाग हाय. तुमी तोंड फिरवलं. मी तो दिवस विसरणार नाही, मेली तरी.

पुढच्या आठवड्यात मी अकोल्याले जाऊन राह्यली. तिथं एक डॉक्टरीण हाय, सुकेशनी मॅडम, लघवीच्या रोगायचीच. काही निघालं तरी तुमाले कळवीन, नाही निघालं तरी कळवीन. मी तुमच्यावानी अर्धा कागद नाही दाखवत.

टीना


मेडशी, ८ ऑक्टोबर

मम्मीजी,

काल ओळी संपली. साऱ्या समाजानं पारणं केलं असन. तुमी मात्र आयंबिल पुढं चालूच ठेवलं असन, वर्धमान तप ना तुमचं, वर्षानुवर्षं आयंबिल वाढवत न्यायचं. समाजानं तपासाठी देलेली सत्काराची ती शाल, अन् भिंतीवरचा तो फोटो. चालू द्या.

माहा रिपोर्ट आला.

सुकेशनी मॅडमनं पहिल्या दिवशी माहं सारं ऐकून घेतलं. मधात एकदाही ‘नॉर्मल’ म्हतलं नाही. मी बोलता बोलता दोनदा उठून गेली तर म्हणल्या, “जाऊन ये, मी इथंच आहे.” मम्मीजी, मी त्या संडासात जाऊन रडली. इतकंच ऐकायले मले अकोल्यापर्यंत जावं लागलं.

मग भूल देऊन दुर्बीण घातली. पिशवीच्या आत लाल चट्टे होते, काही ठिकाणी रगत पाझरत होतं. तिथला बारीक तुकडा काढून तपासायले पाठवला. त्यात निघाल्या मास्ट पेशी, जेवढ्या असाव्या त्याच्याहून कितीतरी जास्त, अस्तरात खोलवर घुसलेल्या. मी विचारलं, म्हणजे कॅन्सर काय? मॅडम म्हणल्या, “नाही गं. या शरीराच्या राखणदार पेशी. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, नाक वाहतं, ते यांचंच काम. तुझ्या पिशवीत चोर नाही, जंतू नाही, तरी हे राखणदार रात्रंदिवस ओरडतायत, आणि त्यांच्या ओरडण्यानंच आग होते. जंतू नाहीत म्हणून लघवीच्या तपासणीत काही सापडत नव्हतं.”

वाचलं? पुन्हा वाचा. तपासणी नॉर्मल होती अन् मी खरी होती, दोन्ही एकाच वेळी. मॅडमनं हेही सांगतलं की नुसत्या पेशींवरून शिक्का मारत नाहीत. पेशी, ते चट्टे अन् मी सांगतलेला त्रास, तिन्ही मिळून रोगाचं नाव ठरते. म्हणजे माहं सांगणंही पुराव्यात धरलं त्यायनं. ॲलर्जीची एक गोळी देली, अन् नळीनं पिशवीत औषध सोडायले दर आठवड्याले बोलावलं. पूर्ण बरं होईन असं नाही म्हणल्या. आटोक्यात राहीन म्हणल्या.

आता मजा ऐका. त्यायनं विचारलं, “तुला सगळ्यात बरं कधी वाटलं होतं?” मी जीभ चावली. म्हतलं, आता हेही म्हणतील नाटक. तरी सांगतलं, चैत्राच्या ओळीत, नऊ दिवस. “ओळीत काय खाता?” मी सांगतलं, एकवेळ, उकडलेला मूग, भात, कोरडी भाकर. मिरची नाही, टमाटर नाही, लिंबू नाही, दही नाही, चहा नाही, लोणचं नाही. मॅडमनं पेन खाली ठेवला अन् हसल्या. “अगं, हेच तर मी माझ्या पेशंटना सांगते आणि कोणी ऐकत नाही! आंबट-तिखट आत गेलं की पिशवी पेटते. नऊ दिवस तू पेटू दिली नाहीस.”

कळलं तुमाले? ज्या नऊ दिवसांवर बोट ठेवून तुमी मले साऱ्यायपुढं खोटारडी म्हतलं, तेच नऊ दिवस माह्या रोगाची खूण निघाले. अन् पारण्याच्या दिवशी तुमीच माह्या ताटात कैरीचं लोणचं वाढलं होतं, अन् दुपारी मी लोळत होती, तर म्हणल्या, “काम दिसलं की सुरू.”

रिपोर्टची झेरॉक्स सोबत हाय. दाखवा आता पाहुण्यायले.

टीना

एक राह्यलं. बसमधी माह्या शेजारची बाई संत्रं सोलून राह्यली होती. मले एक फोड देली, मी नाही म्हतलं, अन् एकदम कोणाचातरी हात डोळ्यापुढं आला, असाच फोड परत करणारा. कोणाचा ते मले आताच लिहायचं नाही.


मेडशी, ११ ऑक्टोबर

मम्मीजी,

तुमाले कधीपासून दुखते?

तीन दिवस मी स्वतःशी भांडली. म्हतलं, टीना, रागात काहीबाही जोडू नको. पण जुळूनच राह्यलं सारं. संत्र्याची फोड परत करणारा हात तुमचा होता. तुमी आंबट कधी तोंडाले लावलं नाही. चहा सोडला, दही सोडलं, पारणं आलं की पुन्हा आयंबिल धरलं. लोक म्हणायचे, काय वैराग्य बाईचं! मयंकच्या वाढदिवसाले मामीसानं बळजबरीनं तुमच्या तोंडात लोणच्याची फोड कोंबली, तर तुमी दुपारभर त्या कुलूपवाल्या बाथरूममधी होत्या. बाहेर आल्या तवा म्हणल्या, तपाचा अशक्तपणा हाय. मी तुमचे पाय दाबून देले. तुमचा एक हात ओटीपोटावर होता, कमरेच्या हाडाच्या आतून, दाबून धरलेला. मीही तिथंच दाबते.

अन् केनवडच्या रस्त्यावरचे ते ओळखीचे! तुमी तोंड दाखवायले नव्हत्या जात. तुमाले लागली होती, माह्यावानीच. तुमी मोकळ्या होऊन आल्या, अन् मले जीपमधी बसवून ठेवलं, लाजेच्या गोष्टी सांगून.

मले आधी वाटत होतं, तुमाले कळत नाही म्हणून तुमी अशा वागता. न कळणाऱ्या माणसावर मी किती दिवस चिडली असती? पण तुमाले सारं माहीत होतं! उभ्या जगात एकच बाई होती जिले मी न सांगता कळलं असतं, अन् ती माह्याच घरात, माह्याच चुलीपुढं बसून होती. अन् तिनंच बायांपुढं बोट दाखवलं. थू!

चैतात मी बरी झाली तवा तुमी मले जवळ घेऊन सांगायचं होतं, “बाई, असंच खात जाय.” एवढंच. त्याऐवजी तुमी पत्रिका छापल्या. काहून? मी पार विचार करून थकली. कधी वाटते, माहं दुखणं खरं ठरलं असतं तर लोकायनं तुमच्या तपाकडे वळून पाह्यलं असतं, त्याची भीती. कधी वाटते, तुमाले वाटलं असन, मी एवढी वर्षं मुकाट्यानं सोसलं, तर ही कालची पोट्टी काहून बोंबलते? हेच खरं असन. मले हे जास्त वाईट वाटते.

घाबरू नका. बैठकीत मी तुमचं नाव घेणार नाही. हे उपकार नका समजू. मी बोलली तर तुमी नाही म्हणाल, अन् लोक म्हणतील सून सासूवर उलटली, अन् मी परत खोटारडी. मी फक्त माहा रिपोर्ट वाचणार. ते आपले समाजाचे अध्यक्ष काकासा म्हणतीलच, “पेशी-बिशी आमाले कळत नाही, लघवी तर साफ हाय ना?” अन् सारे तुमच्याकडे पाहतील. तवा तुमाले जे करायचं ते करा. मीही पाहीन.

टीना


मेडशी, ४ नोव्हेंबर

मम्मीजी,

परवाच्या बैठकीत तुमी मान खाली घातली होती, म्हणून लोकायची तोंडं तुमी पाह्यली नाही. मी पाह्यली. तुमाले सांगते.

मी रिपोर्ट वाचला तवा पुढच्या सतरंजीवर माणसं जांभया देत होती. ‘मास्ट पेशी’ म्हतलं तर कोणीतरी हसलं. अन् काकासानं अगदी मी लिहिलं तेच म्हतलं, लघवी तर साफ हाय ना. माहे पप्पा पेन काढून बसले होते, मी सही करीन या आशेनं. मयंक मोबाईल पाहत होता. तुमी मागं बायांत, दाराजवळ. तुमी नेहमी दाराजवळच बसता, हेही मले आधी कळायले पायजे होतं.

तुमी उठल्या. काकासा म्हणले, “धापूबाई, बसा, ठरावावर तुमचं म्हणणं घ्यायचं हाय. तपस्वी बाईचा शब्द महत्त्वाचा.” तुमी उभ्याच. ते पुन्हा म्हणले, “बसा जरा, कोठी चालल्या?”

“लघवीले चालली,” तुमी म्हणल्या.

एवढ्या माणसांत! मम्मीजी, पंखा थांबल्यावानी झालं तिथं. काकासा पार कावरेबावरे झाले. अन् तुमी दाराची चौकट धरून म्हणल्या, “चोवीस वर्षं झाली, मले बसवत नाही. हिलेही बसवत नाही. आमचा दोघींचा एकच रोग हाय. आयंबिलात मले बरं वाटते म्हणून मी आयंबिल धरलं, तुमी शाल देली, मी घेतली. पोट्टी खरं बोलते. खोटं मी बोलली.” अन् बाहेर गेल्या.

तुमी गेल्यावर काय झालं ते तुमाले माहीत नाही. मामीसा, त्याच लोणचंवाल्या, पदर डोळ्याले लावून बसल्या. मागून एक म्हातारी उठली, तुमच्या मागं गेली. मग आणखी एक जण. त्यायलेही काय होते ते मी नाही विचारलं. काकासानं ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. पप्पानं पेन बंद केला. मयंक माह्याजवळ आला, “घरी चल,” म्हणे. मी म्हतलं, तुह्या आईनं चोवीस वर्षं तुह्यापासून लपवलं अन् तुले पत्ता नाही, माह्या दीड वर्षाचा तुले काय लागणार होता?

मी वापस येणार नाही. हे पक्कं समजा. शब्द मागितला होता, तो तुमी देला, साऱ्यायपुढं देला. पण केनवड झालंच, माडीचा जिना झालाच, माठापुढं मी उभी होती ते झालंच. संवत्सरीचं उत्तर अजून तेच हाय. मी माफ नाही केलं, तुमी आशा धरू नका.

येत्या सोमवारी अकोल्याले माही नळीची तारीख हाय. सुकेशनी मॅडमले मी तुमचं नाव देऊन ठेवलं, माह्यानंतरचं. वय विचारलं, मले नीट सांगता आलं नाही, अंदाजानं सांगतलं. मॅडम म्हणल्या, “चोवीस वर्षं?” अन् तो आकडा लिहून त्याच्याखाली रेघ ओढली. यायचं नसन तर नका येऊ, मी कोणाले बळजबरी करत नाही. मी वाटेत तुमच्याशी बोलणार नाही. खिडकीकडे तोंड करून बसीन.

अमरसिंगले सांगून ठेवलं हाय. तुमी म्हणाल तिथं जीप थांबवायची, काही विचारायचं नाही. मले घ्यायले ती मेडशीले थांबनच. तवा उतरून आत या. आमच्या घरच्या बाथरूमले कुलूप नाही.

टीना